वीस हातांची होडी

"होडीचं वीस हातांहून जास्त लाकूड पाण्याला लागता कामा नये, आणि तरी ती माझ्या तीस हाती होडीच्या पुढे गेली पाहिजे," हिरोजीराजे म्हणाले. "नाही गेली, तर धाकू मेस्त्रीने या बंदरात पुन्हा पटाशी धरायची नाही."

धाकू मेस्त्रीचा चेहरा उतरला. लांब होडी जास्त पळते, हे किनाऱ्यावरची पोरंसुद्धा जाणतात. पण त्याची लेक मथुरा राजांच्या होडीला 'डुंबणारी म्हैस' म्हणाली होती, आणि ते कुणीतरी वाड्यावर पोचवलं होतं.

"मोजायची कशी, महाराज?" मथुराने विचारलं.

आदल्या वर्षी एका खलाशाने होडीच्या टोकाला लांब बांबू बांधून शर्यतीचं निशाण आधी गाठलं होतं. तेव्हापासून राजे फक्त पाण्याला टेकलेला भागच मोजत.

"रिकामी होडी नांगरावर उभी असताना," ते म्हणाले. "मी स्वतः मोजणार."

"शब्द दिलात?"

"दिला."

तीन महिन्यांनी होडी पाण्यात उतरली. पोट आखूड, आणि पुढचं-मागचं टोक पाण्यावर लांबवर अधांतरी.

"ही होडी की पाळणा?" राजे हसले. त्यांनी दोरी लावली. बरोबर वीस हात भरली.

शर्यत सुटली. खाडीत वारा पडलेला होता, तोवर राजे पुढे होते. बाहेर समुद्रात आडवा वारा लागला, तसं मथुराने शीड ताणून धरायला लावलं. होडी कुशीवर कलली, अधांतरी टोकं पाण्यात उतरली आणि आखूड होडी पळता पळता लांब झाली! राजांच्या शेजारून ती सरसर पुढे निघून गेली.

किनाऱ्यावर येताच राजे गरजले, "फसवलंस, मथुरे. पळताना ती तीस हातांच्या वर गेली होती."

"गेली असेल, महाराज."

"म्हणजे कबूल?"

"न मोजता कसं कबूल करू? उभी असताना तुम्ही मोजलीत, वीस भरली. पळताना मोजायची असेल तर दोरी घेऊन बरोबर चला. फक्त आधी तिला गाठायला हवं."

राजांची होडी चालवणाऱ्या तांडेलाने हसू लपवायला तोंड फिरवलं. राजांनी त्याच्याकडे डोळे वटारले, आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून मथुराला दिलं.

"धाकू," ते म्हणाले, "उद्यापासून माझी नवी होडी बांधायला घे. आणि तिची टोकं हिच्यापेक्षा हातभर लांब ठेव."