चार पायांचा जिना

दारूच्या जाहिरातीला बंदी, म्हणून 'भालदार' आणि 'चोपदार' हे दोन्ही दारूवाले फलकांवर आपापला सोडा मिरवायचे. बाटली तीच, लेबल तेच, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'सोडा'. एकदा चोपदारवाल्यांनी भर चौकात फलक लावला : 'भालदार घेणारा जिना चढतो चार पायांवर!'

भालदारचे मालक उंब्रजकरशेठ वकिलांची फौज घेऊन जाहिरात-नीती समितीपुढे धडकले. "धंद्यात काही नीतिमत्ता आहे की नाही? आमची अब्रू गेली!"

नीतिमत्तेचा हा उमाळा पाहून अध्यक्ष इंदुमतीबाईंना हसू आवरेना. "शेठ, तुमच्या फलकांवर तुम्ही विकता काय?"

"सोडा. निव्वळ सोडा!"

"मग सोडा पिऊन माणूस रांगतो, हे कोण खरं मानणार? बदनामी झालीच कुठे?"

शेठ उसळले, "अहो, आम्ही काय विकतो ते लोकांना बरोबर कळतं!"

समोर बसलेले चोपदारचे मालक खो खो हसले.

"कळतं ना? मग बदनामी झाली, मान्य," बाई शांतपणे म्हणाल्या. "चोपदारवाल्यांनी तो फलक उतरवावा. आणि लोकांना सगळं कळतंच आहे, तर दारूच्या जाहिराती म्हणून दोघांनीही आपापले बाकीचे सगळे फलक उतरवावेत."

त्या दिवशी समितीचा जिना दोन्ही मालक कठड्याला धरधरून उतरले. आणि दोघांनी थेंबभरही घेतली नव्हती.