संघटनेनं काय करायचं?

गौरीताईंच्या ज्युदो क्लबात मुलं उरली होती बोटांवर मोजण्याइतकी. जिल्हा संघटनेचे अध्यक्ष रणनवरे क्लबाच्या प्रात्यक्षिकाला आले आणि पालकांनी भरलेल्या सभागृहात गरजले, "मुलं वाढवा, नाहीतर मान्यता काढून घेऊ!"

मान्यता गेली की स्पर्धा बंद. शेवटच्या रांगेतल्या वैदेहीला क्लबात शिकणाऱ्या लेकीचा, ईराचा, उतरलेला चेहरा बघवेना.

"संघटनेनंही काही मदत करावी," ती उठून म्हणाली, आणि लगेच वाटलं, कशाला बोललो आपण!

"बाई, आम्ही काय करायचं? घरोघरी फिरायचं?"

"नाही साहेब. पडायचं."

वैदेही दोन पावलं पुढे आली.

"आम्हा आयांना मुलं पडतील याचीच धास्ती. मला तर जरा जास्तच. तुम्ही मघाशी भाषणात म्हणालात, नीट पडणं हाच ज्युदोचा पहिला धडा, तो आला की काही होत नाही. मग आमच्या ईराला तुम्हाला पाडू द्या. हसत उठलात, तर आमची भीती जाईल."

आता नाही म्हणावं, तर स्वतःचंच भाषण खोटं ठरणार. साहेबांनी मुकाट्यानं कोट काढला. ईरानं वाकून नमस्कार केला आणि त्यांना कमरेवर घेऊन असं फेकलं की मॅट दणाणली. पण जुना खेळाडू तो! हात आपटून पडला आणि खरंच हसत उठला.

मुलांची नावं नोंदवायला आयांनी गौरीताईंना गराडा घातला. वैदेही दिसेल त्याला सांगत सुटली, "ती माझी मुलगी!"

कपडे झटकत साहेब तिच्यापाशी आले. "बाई, जिल्ह्यात असे रिकामे क्लब अजून बरेच आहेत. पुढच्या रविवारी कुठे पडू?"