डोंगराला दहीभात

एक होता डोंगर. राजा नाही, राणी नाही, नुसता डोंगर, बरं का. त्याच्या माथ्यावर होतं मोठ्ठं भोक, आणि त्या भोकातून सदानकदा बारीक धूर निघायचा. पायथ्याच्या गावातली माणसं त्याला आजोबा म्हणायची. "आजोबा विडी ओढतायत," म्हणायची आणि हसायची.

त्या गावात राहायची ठकू. नवरा समुद्रावर गेला होता, तो परत आलाच नाही. घरात म्हातारी सासू कोंडाई आणि पाळण्यात तान्ही जाई. घर सगळ्यात वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेलं. ठकूचं जग एवढंच. जाईला उदंड आयुष्य दे, एवढंच ती रोज देवाकडे मागायची.

आता गावाची रीत ऐका. दर अवसेला एका घरानं डोंगरावर दहीभात न्यायचा, आजोबांच्या पोटाला गारवा म्हणून! भोकाच्या काठावर भात ठेवायचा आणि थाळी तीनदा वाजवायची. टण, टण, टण. म्हणजे आजोबा जेवले. मग खाली सगळं गाव पंगतीला बसायचं.

एकदा काय झालं, धूर थांबला. पाटील म्हणाले, "आजोबांचं पोट भरलं. निजले हो!" गाव खूश. पण पोट कुठलं भरतंय? आत खोल खोल दगड वितळून त्याचा रस झाला होता, आणि त्या रसात होती कोंडलेली वाफ. रस वर चढला. घशाशी येऊन त्याचा वरचा थर गार पडला, दुधावर साय धरते तसा. पण ही साय दगडाची. उकळत्या भातावर झाकण ठेवून वर वरवंटा ठेवला तर काय होईल, सांगा बरं? तेच आत चाललं होतं. आजोबा निजले नव्हते, त्यांचा श्वास कोंडला होता.

मग पहिल्यांदा गावचं गरम पाण्याचं कुंड तापलं. बायका त्यात तांदळाची पुरचुंडी सोडायच्या, तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत भाताची पेज. "बरं झालं, वेळ वाचला," बायका म्हणाल्या. मग विहिरीच्या पाण्याला नासक्या अंड्यासारखा वास आला आणि ऐन थंडीत साप बिळाबाहेर येऊन पडले. पाटलांनी विहिरीत तुळशीची पानं टाकली, झालं. आणि मग ठकूच्या घराचं दार लागेना. डोंगराचं अंग फुगलं होतं ना, त्यानं चौकट वाकडी झाली. जमीन हलली, आणि जाईचा पाळणा हात न लावता आपोआप झुलायला लागला.

ठकूनं जाईला उचललं. ती धावत पाटलांकडे गेली. पाटील हसून म्हणाले, "अगं सूनबाई, आजोबा नातीला झोका देतायत. नशीबवान आहेस."

मग आली अवस, आणि पाळी आली नेमकी कोंडाईची. ठकूनं भात कालवला. "आत्याबाई, नका जाऊ," ती म्हणाली.

"पाळी चुकवली तर गाव तोंडात शेण घालील गं," कोंडाई म्हणाली. मग तिनं दाराच्या वाकड्या चौकटीकडे बघितलं. "पण ठके, पोरीला कडेवर घेऊन बस. पाळण्यात नको ठेवूस." आणि थाळी काखेत मारून म्हातारी गेली.

दुपार झाली. खाली पत्रावळी मांडल्या, वाढपी उभे राहिले. वरून आवाज आला. टण, टण, टण. लोक बसले. पण मग चौथा ठोका पडला. मग पाचवा. मग थाळी थांबेचना! टणटण टणटण टणटण!

"आज आजोबा जास्तच खूश दिसतायत," पाटील म्हणाले आणि त्यांनी भातावर वरण ओतून घेतलं.

पंगतीच्या कडेला जाईला घेऊन बसलेल्या ठकूला मात्र सगळं समजलं. त्या दगडी सायीला तडे गेले असणार आणि त्यातून आतला लाल रस म्हातारीला दिसला असणार. तिचे पाय वेळेत खाली पोचणार नव्हते. आवाज पोचणार होता. वर धावावं तर कडेवर जाई. ती ओरडली, "उठा! आत्याबाई उठा म्हणतायत!" काही उठले, काही हसले. ठकूनं ओलं फडकं जाईच्या नाकातोंडावर धरलं आणि ती गावाखालच्या खाडीपलीकडे पळत सुटली.

खाडी ओलांडली तरी थाळी वाजत होती, बरं का. मग ठोके थांबले. आणि मग डोंगर फुटला.

भर दुपारी काळोख झाला. आभाळातून राख पडली, तापलेले धोंडे पडले. मग तो लाल रस, शाळेत त्याला लाव्हा म्हणतात, सावकाश उतरला आणि घरं, विहीर, पत्रावळी सगळ्यांवरून गेला. जे पंगतीतून उठले ते जगले. बसून राहिले ते राखेखाली गाडले गेले. ठकू रडली, खूप रडली.

मग पुष्कळ पावसाळे गेले. लाव्हा गार होऊन काळा दगड झाला, राखेची माती झाली, तीत पीक आलं. जाई मोठी झाली. ठकूनं आणि वाचलेल्यांनी खाडीअलीकडे, डोंगराच्या बाजूलाच पुन्हा घरं बांधली. तिथं दर अवसेला अजून थाळी वाजते, पण दहीभातासाठी नव्हे. ती वाजली की हातातला घास टाकून सगळं गाव खाडीपर्यंत पळतं, पोरंटोरंसुद्धा, आणि मग परत येऊन जेवतं. सगळे सुखानं नांदले.

आणि भिऊ नका रे. आपल्या डोंगरांतली आग कधीच विझली, माणूस जन्मायच्याही आधी. आपला जुना पाटा त्याच दगडाचा. उद्या उजेडात त्याच्या कडेला बारीक भोकं बघा, ती कोंडलेल्या वाफेची. आज थाळी वाजत नाहीये. झोपा आता.