खूर आपटायचा नाही

सूर्य उगवायला थोडा अवकाश होता. बांबूच्या बनातल्या पाणवठ्यावर चितळांचा एक कळप पाणी प्यायला उतरला होता. उजाडले तेव्हा त्या कळपात एक पाडस कमी होते. मुलांनो, हे कसे घडले ते नीट ऐका, कारण त्या जंगलात आता जो तो आपल्या सोयीचे सांगतो.

त्या कळपात एक म्हातारी हरिणी राहत असे. उतारवयात तिला एक पाडस झाले होते आणि तिचा सगळा जीव त्याच्यात होता. कळपाची जुनी रीत अशी, की ज्याला धोक्याचा वास येईल त्याने पुढचा खूर जमिनीवर आपटायचा, आणि तो आवाज ऐकताच सगळ्यांनी पळायचे. रीत कामाची होती, पण त्रासाचीही होती. वाळके पान पडले तरी कोणीतरी खूर आपटी आणि दिवसातून दहादा कळप उगाच धावे. म्होरक्या नर या धावपळीला कंटाळला. त्याने माळावरच्या एका कोल्ह्याला सल्ल्यासाठी बोलावले. या कोल्ह्याने नीलगायींना इशाऱ्याची नवी व्यवस्था बसवून दिली होती आणि तिथे ती छान चालली होती.

कोल्हा चार दिवस राहिला. म्होरक्याशी बोलला, बनातल्या मैनेशी बोलला. पाणवठ्यावर मात्र एकदाही उतरला नाही. माळावरची व्यवस्था त्याने जशीच्या तशी बनात मांडली. धोका दिसला की मैनेला सांगायचे, मैनेने आणखी दोघांना विचारून खात्री करायची, मग मोराने ओरडायचे आणि मग पळायचे. दोन रीती एकत्र चालल्या तर गोंधळ होईल, म्हणून यापुढे खूर आपटायचा नाही.

हरिणी त्याच्याकडे गेली. "कोल्होबा, माळावर बिबट्या लांबून दिसतो. इथे बांबूत तो दिसतो तेव्हा दहा पावलांवर असतो. तेवढ्यात मैनेनं कोणाकोणाला विचारायचं?"

"मावशी, सवय मोडताना सगळ्यांना असंच वाटतं," कोल्हा हसून म्हणाला. "नीलगायीसुद्धा आधी कुरकुरत होत्या."

तरुण हरणांनीही तिची टिंगल केली. मावशीला आता पळवत नाही, खूर तेवढा आपटता येत होता, तोही काढून घेतला म्हणून रुसली आहे, असे ती हरणे म्हणाली. मग भर दुपारी, बिबट्या झोपलेला असताना, चाचणी झाली. मोर वेळेवर ओरडला. काम पूर्ण झाल्याची खूण म्हणून म्होरक्याच्या खुराचा ठसा कोल्ह्याने पळसाच्या पानावर घेतला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या पहाटे बिबट्या सगळ्यांत आधी हरिणीलाच दिसला. तो तिच्या पाडसाच्या मागे होता. तिचा खूर वर उचलला गेला. पण कळपाने ठरवलेले होते. तिने तो आवाज न करता खाली टेकवला आणि मैनेला सांगितले.

मैनेने नियमाप्रमाणे विचारले, "आणखी कोणी पाहिलंय का?"

आणखी दोघांनी पाहिले, तेव्हा पाडस बिबट्याच्या तोंडात होते. मोर त्यानंतर ओरडला.

मैना म्हणाली, मी नियम पाळला. म्होरक्या म्हणाला, व्यवस्था कोल्ह्याची. कोल्हा तोवर नदीपलीकडे सांबरांना ते पळसाचे पान दाखवत होता. तिथून त्याने निरोप पाठवला, की व्यवस्थेत खोट नाही, कळपच ती सावकाश वापरतो.

हरिणीने म्होरक्याला एवढेच विचारले, "मग उद्या खूर आपटला तर चालेल का?"

तो म्हणाला, ते कोल्ह्याला विचारावे लागेल. कोल्ह्याचा उलट निरोप आला, की मी फक्त सल्ला दिला, नियम तुमचा आहे.

तात्पर्य : धोका आल्यावर ज्याला आपल्यासोबत पळायचे नाही, त्याच्या शब्दावर आपला इशारा सोडू नये. त्या बनात आजही कळप रोज पहाटे पाण्यावर उतरतो, खूर आपटायला आजही बंदी आहे, आणि ती कोणी उठवायची याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.