तीन मडकी आणि एक खरी जीभ

एका राज्यात घरोघर नाचणीची सुरा आंबवत. पौषाच्या पुनवेला सगळी मडकी राजवाड्याच्या अंगणात मांडायची, परीक्षकांनी चाखायची, आणि ज्याच्या सुरेची चव सरस त्याला सोन्याचा पेला द्यायचा, अशी तिथली रीत.

एका पुनवेला धूम्रनाथ नावाचा जादूगार आपलं मडकं घेऊन आला. त्याच पुनवेला राजाच्या मेहुण्यानेही सुरा आणली होती. सुरा कसली, नुसतं गढूळ पाणी. पण मेहुणा राजाचा. परीक्षक म्हणाले, "अमृत आहे, महाराज." पेला मेहुण्याकडे जाणार, तोच धूम्रनाथाने काठी आपटली.

"या अंगणात ज्याने खोटी चव सांगितली आणि जो सांगेल, तो पाखरू होईल. एकाच जिभेने, एकाच दिवसात, तीन मडक्यांची खरी चव सांगितली तरच शाप उतरेल."

सगळे परीक्षक फडफडत अंगणातल्या कडुनिंबावर जाऊन बसले. पेला भुईला चिकटला. हत्ती लावला, तरी हलेना.

त्या परीक्षकांत सोनाऊ होती, धोंडोजीची बायको. सुरा आंबवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून तिला मानाने बोलावलेलं. भिडेखातर "छान हो" म्हणाली आणि साळुंकी झाली.

धोंडोजी म्हणजे गावातला तोंडाळ म्हातारा. साळुंकीला घरी आणलं, आढ्यावर बसवलं, आणि तिथून त्याचे हाल सुरू झाले. भाकरी करपली, तर वरून "छान हो." भिंत खचली, तर "छान हो." जन्मभर सोनाऊशी भांडून तो जेवला होता. आता भांडायला माणूस उरलं नाही, आणि जेवण घशाखाली उतरेना. त्यात गोठ्यातल्या पेंढ्यात पुरलेलं सोनाऊचं शेवटचं मडकंही कोणी पळवलं. धोंडोजीने आठ दिवस अख्ख्या गावाला शिव्या घातल्या.

पुढच्या वर्षीची पौषाची पुनव आली. परीक्षक व्हायला कोणी तयार होईना. धोंडोजी साळुंकीला खांद्यावर घेऊन राजासमोर उभा राहिला.

"तुमची जीभ कशी आहे?" राजाने विचारलं.

"वाईट आहे, महाराज. व्याहीसुद्धा दोन दिवसांवर राहत नाहीत."

"हीच हवी," राजा म्हणाला.

शापाच्या धाकाने त्या वर्षी तीनच मडकी आली होती. तोंडाला पळसाची पानं बांधलेली. कोणाचं कुठलं ते कळू नये म्हणून खूण बुडाला, ती चव सांगून झाल्यावरच बघायची. साळुंकी कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर जाऊन बसली.

धोंडोजीने पहिल्या मडक्यातला घोट घेतला आणि बाजूला थुंकला.

"भांडी विसळलेलं पाणी. त्यातही भांडी परक्याची."

बुडाची खूण पाहिली. मेहुण्याचंच. राजा मिशीत हसला, राणी हसली नाही. तेवढ्यात फांदी कडकन वाकली. पाखरांना माणसांचे पाय फुटले होते. साळुंकीच्या पायांत सोनाऊची जोडवी होती.

धोंडोजीने तोंडात फुटाणे टाकले, चावले, आणि दुसरं मडकं घेतलं.

"मडकं धुतलं नाही. मागल्या खेपेचा गाळ तळाला तसाच ठेवून वरून नवी ओतली. बुरशीचा वास येतो. असं करणाऱ्याला घरात कोणी बोलत नसेल, म्हणून फावलं."

गर्दीतून धूम्रनाथ पुढे आला. डोळे लाल, हातात काठी. "म्हाताऱ्या, ते मडकं माझं आहे. मागच्या पुनवेलाही हेच होतं. याच्यासाठी मी शाप दिला."

"मग शाप तरी धुतलेल्या तोंडाने द्यायचा होता," धोंडोजी म्हणाला. "मी खोटं बोललो असेन तर पिसं कुठायत?"

सगळ्यांनी धोंडोजीकडे पाहिलं. पीस नव्हतं. उलट झाडावरच्या पाखरांना हात फुटले, आणि साळुंकीच्या मनगटात हिरव्या बांगड्या किणकिणल्या. धूम्रनाथाने आपल्या मडक्यात नाक घातलं, आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

ऊन कलायला लागलं. धोंडोजीने तिसरं मडकं उचललं. आतून ओव्याच्या धुरीचा वास आला. घोट जिभेवरून गेला आणि तो थबकला. घशात ऊब उतरली, मागे भाजल्या नाचणीचा गोडवा राहिला. त्याने दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मग तोंड पुसून, जन्माच्या सवयीने म्हणाला,

"आंबट आहे."

लगेच त्याच्या नाकाची पिवळी चोच झाली. झाडावर बांगड्या वाजायच्या थांबल्या. हातांचे पुन्हा पंख होऊ लागले.

"अहो धोंडोजी, खरं बोला," गर्दीतून शेजारची गजराकाकी ओरडली. "ते मडकं मीच उचलून आणलं तुमच्या गोठ्यातून. दरवर्षी आंबट म्हणता आणि चौथा पेला मागता. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं मला."

धोंडोजीने सोनाऊकडे पाहिलं. पाय तिचे, जोडवी तिची, आणि वर साळुंकीचं तोंड. ते तोंड उघडलं आणि म्हणालं, "छान हो."

"चांगली आहे," धोंडोजी चोचीतून पुटपुटला. "पण जरा..."

कानांवर पिसं उगवली.

"बरं, पण नाही. चांगली आहे. फार चांगली. दरवर्षीच होती."

चोच गळून पडली. फांदी मोडली आणि परीक्षक धपाधप खाली पडले, सगळ्यांत वर सोनाऊ. राजाने वाकून पेला उचलला. तो फुलासारखा हलका झाला होता. राजाने तो तिच्या हातात दिला.

सोनाऊने लुगडं झटकलं आणि नवऱ्याकडे वळली.

"काय म्हणालात? पडता पडता नीट ऐकू आलं नाही."

"अंगणाबाहेर गेल्यावर सांगतो."

"इथेच सांगा. पिसं कुठे उगवतात ते लोकांनाही दिसू दे."

धोंडोजीने पुन्हा सांगितलं. मग दोघं भांडत घरी गेली, आणि त्या दिवशी धोंडोजी पोटभर जेवला.

सुरा शिकायला आलेला धूम्रनाथ अजून सोनाऊच्या गोठ्यात मडकी घासतो. ती आत बोट फिरवून बघते आणि परत घासायला लावते. त्या राज्यात तेव्हापासून चव विचारली की आधी घोट पूर्ण गिळतात, मग बोलतात. तुम्हीही तसंच करा, आणि नाकाला जपा.