लाल काठाच्या घोंगड्या

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. भुरी मेंढीचं घोंगड्यांचं छोटंसं दुकान होतं. लोकर तिचीच, मागही तिचाच. धंदा बरा झाला, की ती पाठीवर घोंगड्या लादून पलीकडच्या डोंगरांवर जायची आणि कुडकुडणाऱ्यांना फुकट वाटायची. वाटायच्या घोंगड्यांना मात्र ती लाल काठ विणायची. दान कुणाचं, ते कळायला नको?

एका हिवाळ्यात ती सशांच्या माळावर पुन्हा गेली, तर ससे काकडत बसलेले आणि तिच्या घोंगड्या बिळात घडी घालून ठेवलेल्या. भुरीचं डोकंच फिरलं. "अरे, दिलेलं पांघरायलाही होत नाही का तुम्हाला?"

म्हातारा ससा मान खाली घालून म्हणाला, "रागावू नकोस, भुरीताई. लाल काठ दिसला, की येणारा-जाणारा हसतो, मागून आणलेलं म्हणतो. पोरं म्हणतात, त्यापेक्षा थंडी परवडली."

भुरी तिथंच बसली आणि दातांनी एकेक लाल धागा उसवून काढला.

पुढच्या वर्षी तिनं बिनकाठाच्या घोंगड्या विणल्या आणि दारोदार गुपचूप ठेवल्या. अंगावरची सगळी लोकर त्यात गेली होती. परतताना गार वारा सुटला, तशी ती थरथरत एका खडकाआड शिरली. तिथं एक म्हातारी वानरी घोंगडी पांघरून बसली होती. तिनं सरकून जागा केली.

"ये बाई, अर्धी तू घे. कोण दारात ठेवून गेलं कुणास ठाऊक, पण ऊब चांगली आहे."

भुरीनं नाव सांगायला तोंड उघडलं. मग नुसतंच "खरंच गं" म्हणाली आणि घोंगडीचं टोक गळ्यापर्यंत ओढून घेतलं.