वर बघणारं गाव

"...मग विमानं येऊ द्यायची की नाही? तेवढं सांगा, बाबा. बाकी मी बघून घेतो."

भालचंद्र ढोले उभ्याउभ्याच बोलत होता. तो धामणतळ्याचा नगराध्यक्ष. लहानपणी रोज लतीफशा बाबांच्या तकियात, या फकिराच्या मठीत, येऊन बसायचा. पद मिळाल्यापासून त्याचं बसणं कमी झालं होतं.

बाबा चटईवर लसूण सोलत होते. मी, त्यांचा चेला, चुलीपाशी होतो.

"आधी बस," बाबा म्हणाले.

ढोले बसला.

"गावाचं भलं आहे यात. तळ्यावर विमानांच्या कसरती झाल्या की लांबून माणसं येतील. लॉज भरतील. बचत गटाच्या बाया खानावळ टाकणार आहेत. रसवाल्यापासून जीपवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हाताला काम. पोरं गाव सोडून चाललीत, बाबा..."

"मग येऊ दे की."

"पण तळ्यातल्या बाभळींवर करकोच्यांची पिल्लं आहेत. आवाजानं पाखरं घरटी टाकून जातील, असं देशमाने गुरुजी म्हणतात. धूर आणि कचरा वेगळाच. कार्यक्रमाचा मंडप ज्याला मिळणार तो मंडपवाला म्हणतो, काही होत नाही. परवा एक विमान पाहणी करून गेलं, तेव्हा एक पाखरू हललं नाही म्हणतो. गुरुजी म्हणतात, सगळा थवा उडाला."

"तू होतास ना तळ्यावर?"

"होतो की."

"मग पाखरांनी काय केलं?"

ढोलेनं मान खाजवली.

"मी... वर बघत होतो."

"आणि गुरुजी?"

"तेही वरच. टोपी पडली त्यांची मागं."

"मंडपवाला?"

"तो तर मोबाईल वर धरून उभा होता."

बाबांनी सोललेली पाकळी ताटलीत टाकली.

"मीही वरच बघत होतो," ते म्हणाले. "काय देखणं वळलं रे ते!"

ढोलेला हसू आलं. बाबाही हसले. तकियात जरा मोकळं वाटलं.

"आज परत येणार आहे ना?"

"दुपारी. ते झालं की मला विमानवाल्यांना होय-नाही कळवायचंय. नाही म्हटलं तर शेजारचं गाव टपलेलंच आहे. मग गाव मला उभं करणार नाही."

"चल मग."

आम्ही तिघं तळ्यावर गेलो. बांधावर बरीच माणसं जमली होती. बाबा तिकडं थांबले नाहीत. पाण्याच्या कडेला, बाभळींसमोर त्यांनी ढोलेला दगडावर बसवलं आणि स्वतः मागं उभे राहिले.

वैशाखातलं ऊन होतं. घरट्याघरट्यात एकेक करकोचा पंख अर्धे उघडून उभा होता. पंखांखाली पिल्लं गुमान बसली होती.

"पाखरं अशी का उभी आहेत?" ढोलेनं विचारलं.

"बघ," बाबा म्हणाले.

आधी आवाज आला. मग बांधावरून ओरडा झाला, "आलं! आलं!"

ढोलेची मान वर जायला लागली.

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुआ देताना ठेवतात तसाच. पण उचलला नाही.

आवाज डोक्यावरून गेला. पाणी थरथरलं. बांधावर टाळ्या पडल्या. मी बाबांकडं पाहिलं. त्यांनी स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतले होते.

आवाज लांब गेला, तेव्हा त्यांनी हात काढला.

"काय दिसलं?"

ढोलेची नजर अजून बाभळींवरच होती.

"पलीकडची बसून राहिली. अलीकडची उडाली... सगळी. पिल्लांवर ऊन आलं, बाबा. सावली गेली त्यांची. चोची उघडून बसलीत."

"आणि उडालेली?"

"फिरताहेत अजून. उतरतील ना?"

आम्ही तिघंही बाभळींकडं बघत राहिलो.

...

एक उतरलं. मग दुसरं. घरट्यात पाय टेकले आणि पंख उघडले. ढोलेनं श्वास सोडला.

मग तो उठला, बाजूला गेला आणि विमानवाल्यांना फोन लावला. बराच वेळ बोलत होता. मधे आवाज चढला, मग उतरला. परत आला तेव्हा कपाळावर घाम होता.

"या म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "पण पिल्लं उडून गेल्यावर, दिवाळीनंतर. आणि तळ्यावरून नाही, माळावरून."

"काय म्हणाले?"

"माळ चालेल. तारखेचं विचारून सांगतो म्हणाले. म्हणजे नाहीसुद्धा म्हणतील."

"आणि गाव?"

"शिव्या देईल. देऊ दे. खानावळवाल्या बायांकडं आजच जातो, दुसऱ्या कोणी कानात भरायच्या आत." मग तो जरासा हसला. "मंडपवाल्याकडं उद्या जातो. तो मारेल."

बाबांनी त्याची पाठ थोपटली. तळ्यावर वारा सुटला होता. आम्हा तिघांनाही बरं वाटत होतं.

"जमलंच तर पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी," ढोले म्हणाला. "माझ्या शेजारी."

"ठेव. मला फार हौस आहे. पण तुझी खुर्ची नको ठेवू."

"का? मग मी कुठं बसू?"

बाबांनी त्या दगडाकडं बोट केलं.

"मी वर बघेन," ते म्हणाले. "तू इथं बस."